मुतखड्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलंय? पुरुषांनी कुठे सावध राहायचं

ऑपरेशन ठरलं की बहुतेक पुरुष डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारतात: टाके पडणार का आणि कामावर कधी जाता येईल. तिसरी शंका मनात असते, पण बायको शेजारी बसलेली असल्यामुळे ती तोंडातून निघत नाही. लघवीच्या जागेतून दुर्बीण घालणार म्हणजे पुढे ‘काही प्रॉब्लेम’ तर येणार नाही ना? तिन्हींची उत्तरं दिलासा देणारी आहेत आणि ती पुढे येतीलच. पण ऑपरेशन सुरक्षित होणार की नाही, हे या तीन प्रश्नांवर ठरत नाही. ते ठरतं दोन साध्या गोष्टींवर: ऑपरेशनच्या आधी लघवीत जंतू होते का, आणि आत ठेवलेला स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनीतली बारीक नळी, नेमका कधी काढला. लेझरची भीती बाळगणारे खूप भेटतात, लघवीतले जंतू शोधणाऱ्या तपासणीबद्दल, म्हणजे युरिन कल्चरबद्दल, विचारणारा क्वचित. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे, ज्या क्रमाने या गोष्टी तुमच्यासमोर येतील.

पहिली पायरी: रिपोर्ट स्वतः वाचा

सोनोग्राफीत खडा दिसला तरी ऑपरेशनचा निर्णय शक्यतो साध्या सीटी स्कॅनवर घेतात. त्यासाठी शिरेतून डाय द्यावा लागत नाही. रिपोर्टमध्ये साधारण असं काही लिहिलेलं असतं: ‘डाव्या व्हीयूजेपाशी ७ मिमीचा कॅल्क्युलस, एचयू ११००, मॉडरेट हायड्रोनेफ्रोसिस.’ हे एक वाक्य फोडून बघा.

व्हीयूजे म्हणजे किडनीतून लघवी आणणारी मूत्रवाहिनी मूत्राशयाला मिळते ती जागा. कॅल्क्युलस म्हणजे खडा. मूत्रवाहिनी साधारण २५ सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर रुंद असते. खडा तिच्यात तीन ठिकाणी अडकतो: किडनीतून निघताना, कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवरून जाताना आणि मूत्राशयाच्या तोंडाशी. ७ मिमी हा खड्याचा आकार. ५ मिमीपर्यंतचे बरेचसे खडे आपोआप पडतात, ५ ते १० मधले निम्म्याच्या आसपास आणि त्यापुढचे क्वचितच. एचयू हा आकडा खडा किती कठीण आहे याचा अंदाज देतो. हजाराच्या पुढे गेला की बाहेरून धक्के देऊन फोडणं अवघड होतं. आकडा बराच कमी असेल आणि खडा साध्या एक्स-रेत दिसतच नसेल, तर तो युरिक ॲसिडचा असू शकतो. असे खडे लघवीचा आम्लपणा कमी करणाऱ्या औषधाने विरघळू शकतात. तेव्हा ‘हा खडा औषधाने विरघळण्यातला आहे का?’ हे विचारून घ्या. सगळ्यात सुरक्षित ऑपरेशन म्हणजे जे करावंच लागलं नाही ते.

हायड्रोनेफ्रोसिस म्हणजे लघवी तुंबून किडनी फुगणं. इथे एक मोठा सापळा आहे. कळ थांबली की माणूस म्हणतो, खडा पडला. पण खडा तिथेच अडकून राहिला आणि किडनीने तो दाब सोसायची सवय करून घेतली, तरीही कळ थांबते. आतल्या आत किडनी निकामी होत जाते आणि कळत नाही. खडा लघवीवाटे पडताना डोळ्यांनी दिसला नसेल, तर दुखणं थांबलं तरी पुन्हा सोनोग्राफी करून घ्या.

खडा लहान असेल, ताप नसेल, किडनीचं काम ठीक असेल, तर चार ते सहा आठवडे वाट बघण्यात चूक काही नाही. मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला अडकलेल्या खड्यासाठी या काळात ती वाहिनी सैल करणारी टॅम्सुलोसिन ही गोळी देतात. या गोळीने उभं राहताना चक्कर येऊ शकते आणि संभोगाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाऊ शकतं. गोळी बंद केली की हे पूर्ववत होतं. बरेच पुरुष हे न समजल्याने घाबरतात आणि गुपचूप गोळी सोडून देतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असेल तर ही गोळी चालू आहे किंवा होती, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगा.

कुळथाचं कढण प्या, आवडत असेल तर. बिअरने खडा धुऊन निघतो हे मात्र डोक्यातून काढून टाका. आणि कळ चालू असताना, वाट बंद असताना, तांब्यावर तांब्ये पाणी ढोसलं तर तुंबलेल्या किडनीवरचा दाब वाढतो आणि दुखणंही.

दुसरी पायरी: कुठलं ऑपरेशन, हे समजून घ्या

‘लेझरने काढू’ असं म्हटलं की सगळं सांगून झालं असं वाटतं, पण त्यात किमान दोन वेगवेगळी ऑपरेशनं येतात.

मूत्रवाहिनीतल्या खड्यासाठी बारीक, सरळ दुर्बीण लघवीच्या जागेतून मूत्राशयात आणि तिथून वर नेतात. हे युआरएस. किडनीतल्या खड्यासाठी वाकणारी दुर्बीण वापरतात, ते आरआयआरएस. दोन्हींत शरीरावर एकही चीर नसते. खडा मोठा असेल, साधारण २ सेंटिमीटरच्या पुढचा, तर पाठीतून छोटं भोक पाडून थेट किडनीत जातात. ते पीसीएनएल. याची सुरुवात १९७६ मध्ये स्वीडनमध्ये झाली. भोक लहान करत करत आता मिनी आणि त्याहूनही बारीक प्रकार आले आहेत. चौथा पर्याय बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देऊन खडा फोडण्याचा, ईएसडब्ल्यूएल. तो १९८० मध्ये म्युनिकला पहिल्यांदा माणसावर वापरला गेला. त्यात दुर्बीणच नसते, पण फुटलेले तुकडे तुम्हालाच लघवीवाटे पाडावे लागतात आणि कधी त्यांची रांग मूत्रवाहिनीत अडकते.

धोक्याचा हिशेब साधारण असा. युआरएस आणि आरआयआरएसमध्ये ताप, लघवीत रक्त, स्टेंटचा त्रास हे नेहमीचे, बरे होणारे त्रास. मूत्रवाहिनी तुटणं किंवा नंतर ती आकसून अरुंद होणं या गंभीर गोष्टी शंभरात एकाहूनही कमी जणांत होतात. पीसीएनएल जास्त मोठं ऑपरेशन आहे. त्यात दहातल्या एकाला नंतर ताप येतो आणि थोड्या रुग्णांना रक्त चढवावं लागतं. फुफ्फुसाभोवतीच्या पोकळीत पाणी किंवा हवा शिरणं, आतड्याला इजा होणं हे फार विरळा. मग मोठ्या खड्यासाठीही आरआयआरएसच का नको? कारण मोठा खडा बारीक वाटेने काढायचा तर वेळ फार लागतो आणि वेळ लांबला की जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. कधी दोन-तीन वेळा भूल घ्यावी लागते. ‘चीर नाही’ म्हणजे आपोआप जास्त सुरक्षित, हे समीकरण खरं नाही.

लेझरबद्दल थोडं, कारण भीती त्याचीच असते. खड्यासाठी वापरतात त्या होल्मियम लेझरची ऊर्जा पाण्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आतच शोषली जाते. दुर्बिणीतून सतत सलाइन वाहत असतं, त्यामुळे लेझरचं टोक खड्याला जवळजवळ टेकवल्याशिवाय काही होत नाही. शरीरात ‘रेडिएशन’ जात नाही. एक्स-रे मात्र ऑपरेशन चालू असताना थोडे घेतले जातात.

संमतीपत्रावर सही करण्याआधी सर्जनना एक प्रश्न जरूर विचारा: ‘मूत्रवाहिनी अरुंद निघाली तर काय कराल?’ चांगलं उत्तर असं: जोर लावणार नाही, नुसता स्टेंट टाकून बाहेर येऊ, एक-दोन आठवड्यांत वाट मोकळी होईल, मग खडा काढू. हे ऐकायला अर्धवट वाटतं. घरचे म्हणतात, ‘ऑपरेशन फेल गेलं.’ वास्तविक बळजबरी न करणारा सर्जन मिळणं हे तुमचं नशीब. मूत्रवाहिनीच्या मोठ्या इजा बहुतेक वेळा अशाच हट्टातून होतात. दुसऱ्या वेळचा खर्च कसा धरणार, हेही तेव्हाच विचारून ठेवा.

खर्चाचं निघालं म्हणून: मुतखड्याची ऑपरेशनं महात्मा फुले जन आरोग्य योजनेत येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन भरती होण्याआधीच त्याला भेटा, मंजुरी आधी लागते.

तिसरी पायरी: ऑपरेशनच्या आधीचे दिवस

आता मुख्य गोष्ट. दुर्बिणीतून सलाइन दाबाने आत सोडलं जातं, नाहीतर समोरचं काही दिसणार नाही. किडनीत जंतू असतील तर त्याच दाबाने ते रक्तात ढकलले जातात. मग काही तासांत हुडहुडी, ताप, रक्तदाब खाली, आयसीयू. या ऑपरेशननंतर माणूस दगावतो ते बहुतेक वेळा या सेप्सिसमुळे, म्हणजे रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गामुळे.

म्हणून युरिन रुटीन, म्हणजे लघवीची नेहमीची तपासणी, पुरेशी नाही. युरिन कल्चर हवं. त्याचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा आदल्या संध्याकाळी नमुना देऊन उपयोग नाही. जागा स्वच्छ धुवा, सुरुवातीची धार सोडून द्या, मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत घ्या, डबीच्या आत बोट लावू नका आणि ती लगेच लॅबला पोचवा. कल्चरसाठी नमुना देण्याआधी उरलीसुरली अँटिबायोटिक घेऊ नका, जंतू असूनही दिसणार नाहीत. कल्चरमध्ये जंतू सापडले तर त्यांना लागू पडणारी अँटिबायोटिक आधी, ऑपरेशन नंतर. सुट्टी टाकलीय, पाहुणे आलेत, गावाहून गाडी करून आलोय, हे सगळं मान्य. तरीही तारीख पुढे ढकलायची.

खडा अडकलेला आणि ताप भरलेला, अशी स्थिती असेल तर हे नियमही बाजूला राहतात. ती इमर्जन्सी आहे. त्यावेळी खडा फोडायचा नसतो. आधी स्टेंट टाकून किंवा पाठीतून नळी घालून तुंबलेली लघवी बाहेर काढतात, ताप पूर्ण उतरू देतात आणि मग पुढच्या तारखेला खड्याकडे बघतात. ‘एकाच खर्चात आत्ताच काढून टाका’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

चालू औषधांची यादी कागदावर लिहून न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन आणि नवीन पिढीतल्या, या सगळ्यांत आधी सांगायच्या. पीसीएनएल आणि ईएसडब्ल्यूएल या गोळ्या चालू ठेवून सहसा करत नाहीत. दुर्बिणीने जायचं असेल तर काही वेळा चालतं. पण हृदयात स्टेंट असेल तर स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका, हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांना एकमेकांशी बोलू द्या. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असाल तर तेही ठळक सांगा. ही गोळी साधारण तीन दिवस आधीपासून बंद ठेवायला सांगतात आणि लघवीत साखर सोडणं हेच तिचं काम आहे. साखर नियंत्रणात नसेल तर तीही आधी ताब्यात आणावी लागते.

पुरुषांसाठी खास असं इथे आहे. आपला मूत्रमार्ग, म्हणजे मूत्राशयातून बाहेर येणारी लघवीची वाट, साधारण २० सेंटिमीटर लांब असतो आणि वाटेत प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची ग्रंथी लागते. पन्नाशीनंतर धार बारीक झाली असेल, रात्री तीन-चारदा उठावं लागत असेल, लघवी होऊनही अजून राहिल्यासारखं वाटत असेल, तर हे ऑपरेशनच्या आधी सांगा. पूर्वी कधी कॅथेटर (लघवीची नळी) घातलं होतं, मोटारसायकलवरून पडून खालच्या भागाला मार लागला होता, तेही सांगा, कारण मूत्रमार्ग आकसलेला असू शकतो. खडा मूत्राशयातच असेल तर प्रौढ पुरुषांत मूळ कारण बऱ्याचदा प्रोस्टेट असतं. नुसता खडा काढला तर तो परत होईल.

चौथी पायरी: त्या दिवशी

जेवण सहा-आठ तास आधी बंद, पाण्याची वेळ भूलतज्ज्ञ सांगतील ती. तंबाखू, गुटखाही बंद, तोंडात ‘थोडीशीच’ होती हे भूल देताना महागात पडतं. युआरएस बऱ्याचदा कमरेतल्या इंजेक्शनवर होतं. आरआयआरएससाठी अनेक सर्जन पूर्ण भूल पसंत करतात, कारण श्वासाबरोबर किडनी वरखाली होत असते आणि पूर्ण भुलीत ती हालचाल आटोक्यात ठेवता येते.

खडा कुठल्या बाजूला आहे त्या बाजूच्या अंगावर मार्करने खूण केली का, ते बघा. डावा-उजवा घोटाळा ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. सीटीची फिल्म सोबत न्या, घरी विसरू नका.

शुद्धीवर आल्यावर कॅथेटर असेल आणि पिशवीत लालसर लघवी दिसेल. फिकट गुलाबी ते लाल सरबतासारखा रंग पहिल्या दिवसांत चालतो. गाठी पडायला लागल्या किंवा रंग दाट होत गेला तर नर्सला हाक मारा. कॅथेटर काढल्यावर, विशेषतः प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी तुंबू शकते. दोन-तीन तास उलटले, ओटीपोट फुगलं, पण धार सुटत नाही, असं झालं तर लाजून गप्प बसू नका. पुन्हा एक-दोन दिवस कॅथेटर ठेवलं की बहुतेकांचं सुरळीत होतं.

पाचवी पायरी: स्टेंटसोबतचे दिवस

डीजे स्टेंट ही दोन्ही टोकांना वळलेली मऊ, बारीक नळी. एक टोक किडनीत, दुसरं मूत्राशयात. ऑपरेशननंतर मूत्रवाहिनी सुजते, तेव्हा लघवी तुंबू नये म्हणून ती ठेवतात. खडा गेला तरी त्रास का होतोय, असं वाटतं तो बहुधा हिचाच त्रास असतो. सारखी लघवीला लागणं, उन्हाळी लागल्यासारखी जळजळ, लघवी करताना त्याच बाजूच्या कुशीत कळ, जास्त चाललं की लालसर लघवी. खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकी चालवलीत तर संध्याकाळी रंग दिसेलच. टॅम्सुलोसिन आणि मूत्राशय शांत करणारी गोळी यांनी बराच आराम पडतो, म्हणून गोळ्या मागून घ्या, सहन करत बसू नका.

आता ती मनातली शंका. लिंगाला ताठरता देणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या या वाटेत येत नाहीत, त्यामुळे मर्दानगीवर कायमचा परिणाम होत नाही. स्टेंट असताना संभोग धोक्याचा नाही, पण जळजळ होऊ शकते आणि वीर्यात थोडं रक्त दिसू शकतं. इच्छा कमी होणं या काळात अगदी नेहमीचं आहे. स्टेंटला बाहेर दोरा असेल तर मात्र तो निघेपर्यंत थांबा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: डिस्चार्ज कार्डवर स्टेंट काढायची तारीख लिहून घ्या. ‘१५ दिवसांनी दाखवा’ एवढं पुरेसं नाही. ‘स्टेंट आत आहे, अमुक तारखेला काढायचा’ असं स्पष्ट शब्दांत हवं. घरी आल्यावर कालनिर्णयवर त्या दिवसाला गोल करा, घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा. स्टेंट बहुधा काही दिवस ते काही आठवडे ठेवतात, आणि तीन महिन्यांच्या पुढे सहसा नाही. विसरलेल्या स्टेंटवर क्षार चढतात, तो स्वतःच खडा होऊन बसतो, ओढताना तुटतो आणि किडनीही जाऊ शकते. सुरुवातीचा त्रास कमी झाला, मग हंगाम आला, मग लग्नसराई, मग माणूस विसरला, असंच घडतं. ऑपरेशन पुण्या-मुंबईत करून गावी परतणाऱ्यांनी आणि बदलीच्या नोकरीवाल्यांनी जास्त जपावं. स्टेंट जवळच्या कुठल्याही युरॉलॉजिस्टकडे काढता येतो, ऑपरेशन केलं तिथेच जायला पाहिजे असं काही नाही.

काढणं सोपं आहे. मूत्रमार्गात बधिर करणारी जेली सोडतात, पाच-दहा मिनिटं थांबतात, बारीक दुर्बीण आत जाते, चिमटा स्टेंटचं टोक पकडतो आणि दोन-तीन मिनिटांत काम होतं. लघवी सोडतोय असं समजून खालचे स्नायू सैल ठेवले की कमी दुखतं.

लगेच दवाखाना गाठायचा तो केव्हा

थंडी वाजून ताप आला किंवा पारा १०१ फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघू नका. लघवी पूर्ण बंद झाली, गाठी पडत असलेली दाट लाल लघवी व्हायला लागली, गोळीलाही दाद न देणारं दुखणं सुरू झालं, तरी तेच. पीसीएनएल झालेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: सगळं ठीक चाललेलं असताना एक-दोन आठवड्यांनी अचानक भडक रक्त जाऊ शकतं, कारण किडनीतल्या एखाद्या रक्तवाहिनीला झालेली इजा उशिरा उघडी पडते. म्हणून काही आठवडे पाण्याची घागर, गॅस सिलिंडर, सिमेंटच्या गोणी उचलायच्या नाहीत. नुसतं युआरएस झालेले बरेच जण चार-पाच दिवसांत बैठ्या कामावर जातात.

काही महिन्यांनी लघवीची धार बारीक होत चालली असं जाणवलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. दुर्बीण किंवा कॅथेटर गेलेल्या पुरुषांत मूत्रमार्ग आकसू शकतो. धारेची साधी तपासणी, युरोफ्लो, करून घेतली की कळतं.

खडा गेल्यानंतर

काढलेले तुकडे डबीत मागून घ्या आणि तपासायला पाठवा. खडा कशाचा होता हे कळल्याशिवाय पथ्य म्हणजे अंदाजपंचे. टोमॅटो, वांगी, भेंडीच्या बिया यांवर उगाच बंदी घालणारे खूप आहेत. त्यापेक्षा रोज अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी, ताटातलं मीठ, पापड, लोणचं कमी, मटण-चिकन बेताचं, हे बहुतेकांना लागू पडतं. दूध-दही बंद करू नका, जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेट (खाण्यातून येणारा, खडे बनवणारा घटक) धरून ठेवतं, ते बंद केलं तर ऑक्झलेटचे खडे उलट वाढू शकतात. शेतावर, भट्टीपाशी किंवा ट्रकवर काम करणाऱ्यांनी लघवीचा रंग बघत पाणी वाढवावं, तहानेवर भरवसा ठेवू नये.

स्टेंट काढल्यानंतर महिना-दीड महिन्याने एक सोनोग्राफी ठेवतात. काहीच दुखत नसतं, म्हणून बरेच लोक तिकडे फिरकत नाहीत असं दिसतं. किडनीची सूज उतरली का, तुकडा मागे राहिला का आणि मूत्रवाहिनी कुठे आकसली तर नाही ना, याचा अंदाज त्या एका तपासणीत येतो. आकसलेली मूत्रवाहिनी बऱ्याचदा दुखत नाही. तेव्हा स्टेंट काढायला जाल त्याच दिवशी या सोनोग्राफीची तारीख काउंटरवर पक्की करून या.